द्राक्षमळ्यातील मजुरी आणि आपल्या कामाची जागा

(सामान्य काळातील पंचविसावा रविवार : मत्तय २०:१-१६)



सकाळी सात-साडेसातला स्टेशनजवळच्या नाक्यावरून जाताना आपण सर्वांनी ते दृश्य पाहिलेले आहे. थापी, घमेले, फावडे घेऊन स्त्री-पुरुष उभे असतात. मुकादम येतो, सर्वांवरून नजर फिरवतो आणि बोटाने खूण करतो, "तू चल, तू चल, आणि तू." धडधाकट तरुण पहिल्या अर्ध्या तासात निघून जातात. मागे उरतात ती वयस्क माणसे, अशक्त माणसे आणि कडेवर मूल घेऊन आलेल्या बायका. दहा-साडेदहापर्यंत कोणी आले नाही, तर ती मुकाट्याने घरी परततात. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल कशी पेटते, हे आपण कधी विचारत नाही.

आजच्या शुभवर्तमानातील दाखला असल्याच एका नाक्यावर सुरू होतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाहेर पडतो आणि एक दिनार मजुरी ठरवून मजूर लावतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. नऊ वाजता तो पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो, आणि पाच वाजताही जातो. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटच्यांपासून सुरुवात करतो. तासभर काम केलेल्यांनाही दिनार, दिवसभर उन्हात राबलेल्यांनाही दिनार! साहजिकच पहिले मजूर कुरकुर करतात.

तीन वर्षांपूर्वी, २०२३ साली, हेच वाचन झाले होते. मिस्सा संपल्यावर आपल्यापैकी एका बंधूने मला चर्चच्या पायरीवर गाठले. ते एका कंपनीत पंचवीस-तीस माणसांचा विभाग सांभाळतात. हसत हसत ते म्हणाले, "फादर, हा मालक आमच्या कंपनीत आला ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच कामावर येणार नाही. सगळे पाच वाजता येतील! आम्ही टीम बांधण्यासाठी वर्षाला एवढा खर्च करतो, आणि प्रभू येशू एका संध्याकाळात सगळी टीम मोडून टाकतो."

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि तीन वर्षे माझ्याकडे राहिला. कामाच्या जागी न्याय म्हणजे काय? न्याय असला तर माणसे एकत्र का येतात आणि काम चांगले का होते? न्याय नसला तर हुशार माणसांचाही मेळ का बसत नाही? आज या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

काकडी आणि द्राक्ष

प्रथम एक गंमत सांगतो. कॅपुचिन नावाची माकडे असतात. कॅपुचिन धर्मबंधूंच्या झग्यावरून आणि टोपडीवरून त्यांना हे नाव पडले आहे. २००३ साली अमेरिकेत सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या दोन शास्त्रज्ञांनी या माकडांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडाने हातातला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळे. दोघी माद्यांना काकडीच मिळत होती तोवर दोघी खूश होत्या. मग शेजारणीला त्याच कामासाठी द्राक्ष देऊ लागले. झाले! काकडीवालीने काम करणे सोडले, काही वेळा तर हातातली काकडी फेकून दिली. या वागण्याचा नेमका अर्थ काय, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण आपल्याला त्या माकडात आपला चेहरा दिसतो, हे मात्र खरे!

काकडी वाईट नव्हती. पाच मिनिटांपूर्वी तीच काकडी गोड लागत होती. शेजारणीच्या हातात द्राक्ष आले आणि ती कडू झाली. १९६०च्या दशकात जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट माणसांबद्दल मांडली. माणूस केवळ आपला पगार मोजत नाही. आपण किती राबतो आणि आपल्याला किती मिळते याचा तो हिशेब करतो, आणि मग तोच हिशेब शेजाऱ्याचा करून पाहतो. दोन हिशेब जुळले नाहीत की तो दुःखी होतो. मग तो एकतर भांडतो, नाहीतर नोकरी सोडतो, नाहीतर सर्वांत सोपा मार्ग धरतो. तो हात आखडता घेतो. सांगितले तेवढेच करतो. घड्याळाकडे पाहून उठतो.

गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला त्याच्या कार्यालयातील हकिकत सांगितली. कंपनीने सगळ्यांना रिसॉर्टवर नेले. दोरी ओढण्याचे खेळ झाले. डोळ्यांना पट्टी बांधून मागच्यावर भरवसा ठेवायचा आणि खुशाल मागे पडायचे, हाही खेळ झाला. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट मिळाले. पुढच्या आठवड्यात बढतीची यादी लागली. सर्वांना ठाऊक होते की अवघड काम कोणी ओढले आणि साहेबांच्या मर्जीतले कोण होते. यादीत मर्जीतले नाव वर होते. कारण विचारले तर उत्तर मिळाले नाही. तो मुलगा म्हणाला, "फादर, टी-शर्ट अजून कपाटात आहे. पण आता कोणी कोणाला काही शिकवत नाही. ज्याला जे येते ते तो लपवून ठेवतो."

बंधू-भगिनींनो, खेळ वाईट नाहीत. पण भरवसा दोरी ओढून येत नाही. भरवसा यादीतून येतो, वाटणीतून येतो, ऐकून घेण्यातून येतो. पवित्र शास्त्रात याचे धडे आहेत. ते तीन भागांत पाहू.

वाटणीतला न्याय

दावीदाची एक गोष्ट आपण फारशी ऐकत नाही. ती शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात आहे. अमालेकी लोकांनी सिकलाग गाव जाळले आणि दावीदाच्या माणसांची बायकामुले पळवून नेली. दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागाला निघाला. बसोर ओढ्यापर्यंत पोहोचताना दोनशे माणसे इतकी थकली की त्यांना ओढा ओलांडता येईना. ती सामानापाशी थांबली. चारशे पुढे गेली, लढली, जिंकली आणि सर्व काही सोडवून लूट घेऊन परतली.

आता वाटणीची वेळ आली. चारशेंपैकी काही दुष्ट माणसे म्हणाली की, हे आमच्याबरोबर आले नाहीत; यांना यांची बायकामुले द्या आणि घालवून द्या, लुटीत वाटा नको. दावीदाने ते मानले नाही. हे आपल्याला परमेश्वराने दिले आहे, असे त्याने सांगितले. जो लढायला गेला त्याचा आणि जो सामानापाशी थांबला त्याचा वाटा सारखाच, असा त्याने निर्णय दिला. तो निर्णय पुढे इस्राएलात नियमच होऊन बसला.

इथे दावीदाचे शहाणपण पाहा. सामान राखणारा नसता तर लढणाऱ्याला हलक्या अंगाने धावता आले असते काय? आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. वाट्यावर चालणाऱ्या होडीत डिझेल, बर्फ आणि शिध्याचा खर्च वजा झाला की उरलेल्या पैशाचे वाटे पडतात. मालकाचा किती, तांडेलाचा किती, खलाशाचा किती, हे गावागणिक वेगळे असेल. तांडेलाला जास्त मिळते म्हणून खलाशी रागावत नाही, कारण वादळात होडी कोण आणतो हे त्याला ठाऊक असते. पण होडी निघण्याआधी ठरलेला वाटा किनाऱ्याला लागल्यावर बदलला, तर पुढच्या खेपेला तो खलाशी त्या होडीत पाय ठेवणार नाही.

धर्मगुरुकुलात तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे पाचवे पुस्तक आम्हाला अभ्यासाला होते. ते सारे न्यायावर आहे. त्यात तो सांगतो की सारख्यांना कमी-जास्त मिळाले किंवा कमी-जास्त असणाऱ्यांना सारखे मिळाले, की भांडणे सुरू होतात. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. सर्वांना सारखेच देणे म्हणजे न्याय नव्हे, आणि वाट्टेल तसे देणे तर नव्हेच. ज्याचे जे आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय.

पद्धतीतला न्याय

दुसरी गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायाची. पहिली ख्रिस्तसभा म्हणजे सगळे कसे एकदिलाने राहत होते, असे आपण नेहमी म्हणतो. पण त्याच ख्रिस्तसभेत कुरकुर सुरू झाली! ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार अशी होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. हिब्रू बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळते, आमच्या राहून जातात.

बारा प्रेषितांनी काय करावे? ते म्हणू शकले असते, "आम्ही प्रभूबरोबर राहिलेले लोक, आमच्यावर संशय घेता?" ते म्हणू शकले असते, "जरा प्रार्थना करा, त्याग करायला शिका." त्यांनी यातले काही केले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले. तक्रार सर्वांसमोर आली. त्यांनी काम वेगळे काढले आणि सात चांगली माणसे तुम्हीच निवडा असे सांगितले. ज्यांची तक्रार होती त्यांनाही निवडीचा अधिकार मिळाला.

आता निवडलेल्या सात जणांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप, अंत्युखियाचा नीकलाव आणि इतर चार. सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांना अन्याय झाला असे वाटत होते, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाची चावी गेली. आणि पुढच्याच वचनात संत लूक काय सांगतात? देवाचे वचन पसरत गेले, येरुशलेमात शिष्यांची संख्या फार वाढली आणि याजकांपैकीही पुष्कळ जण विश्वासात आले. आजच्या भाषेत सांगायचे तर टीम वाढली आणि कामही वाढले. त्या सातांतला स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला. फिलिपने शोमरोनात सुवार्ता नेली. अन्नवाटपाचा तंटा न्यायाने मिटवला, म्हणून ख्रिस्तसभेला ही माणसे मिळाली.

पद्धतीतला न्याय म्हणजे हाच. नियम सर्वांना एकच असावा. निर्णयाआधी ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला विचारावे. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याचा मार्ग मोकळा असावा. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी या रीतीने झाला असेल, तर माणूस तो पचवू शकतो.

वागण्यातला न्याय

तिसरी गोष्ट कारखान्याची. १९९० साली अमेरिकेतील जेराल्ड ग्रीनबर्ग या प्राध्यापकांनी एका कंपनीच्या तीन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठी कंत्राटे गेल्यामुळे कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पंधरा टक्के पगारकपात केली. तिसऱ्यात कपात नव्हती. कपात झालेल्या एका कारखान्यात वरिष्ठ अधिकाऱ्याने कामगारांसमोर सुमारे दीड तास उभे राहून सगळे आकडे दाखवले, खेद व्यक्त केला आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय कळवून सभा आटोपली.

कपात दोन्हीकडे सारखीच होती. पण दुसऱ्या कारखान्यातून वस्तू चोरीला जाण्याचे प्रमाण पहिल्यापेक्षा बरेच जास्त वाढले. अनेक जण नोकरीही सोडून गेले. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्या पुन्हा कमी झाल्या. चोरी हे पाप आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण दीड तास आणि पंधरा मिनिटे यांतला फरक पैशाचा नव्हता. समोरचा माणूस आहे की यंत्राचा भाग आहे, हा तो फरक होता. आपल्याकडे म्हणतात, गूळ देऊ नये पण गुळासारखे बोलावे. त्या अधिकाऱ्याचे बोलणे गोड नव्हते. ते खरे होते आणि त्यात आदर होता.

मालक अन्यायी होता काय?

आता त्या द्राक्षमळ्यात परत जाऊ. वाटणी, पद्धत आणि वागणे या तीन कसोट्यांवर तो मालक उतरतो का?

पहिल्या मजुरांना त्याने ठरलेला दिनार पूर्ण दिला. त्यांच्या वाट्यातला एक पैसाही त्याने शेवटच्यांना दिला नाही. जे जास्त दिले ते स्वतःच्या खिशातून दिले. संध्याकाळ होताच त्याने मजुरी दिली. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक त्याने पाळला. कुरकुर करणाऱ्याला त्याने हाकलून दिले नाही. "मित्रा" अशी हाक मारून कारण समजावून सांगितले. आणि पाच वाजता उभे असलेल्यांना त्याने आधी काय विचारले? तुम्ही रिकामे का उभे आहात? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावर घेतले नाही. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी बोटाने खूण केली नव्हती. दिवस संपत आला तरी ते नाक्यावरून हलले नव्हते, कारण रिकाम्या हाताने घरी जाणे त्यांना जमत नव्हते.

अ‍ॅरिस्टॉटलने एक छान उदाहरण दिले आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. दगड ओबडधोबड असला तर शिशाची पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वाकते आणि दगडाचे खरे माप देते. लोखंडी पट्टी वाकत नाही. नियम आवश्यक आहे. पण माणूस ओबडधोबड दगडासारखा असतो आणि काही वेळा नियमाला त्याच्या आकाराप्रमाणे वाकावे लागते. द्राक्षमळ्याच्या मालकाने तेच केले. तास मोजून त्याने पहिल्यांचा करार पाळला, आणि भूक मोजून शेवटच्यांना भाकरी दिली.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक लिहिले, त्याचाही गाभा हाच आहे. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणजे सगळे संपले, असे नाही. करारापेक्षा जुना असा एक निसर्गदत्त न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. गरजेपोटी कोणी कमी मजुरी कबूल केली, म्हणून ती न्याय्य ठरत नाही. आपले पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये आपण हे नाव का घेतले ते कार्डिनल मंडळाला सांगितले, तेव्हा याच परिपत्रकाची आठवण केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात श्रमाची आणि न्यायाची प्रतिष्ठा पुन्हा राखायची आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाचे माझे उत्तर. पहिली गोष्ट, कंपनीच्या तिजोरीतून मर्जीतल्या माणसाला जास्त देणारा साहेब म्हणजे द्राक्षमळ्याचा मालक नव्हे! मालकाने स्वतःचे दिले. व्यवस्थापकाच्या हातात असलेले पैसे आणि बढत्या त्याच्या स्वतःच्या नसतात. तिथे त्याने नियमच पाळला पाहिजे. या दाखल्याचा आधार घेऊन कोणी वशिलेबाजी करू नये. दुसरी गोष्ट, हा दाखला प्रथम देवाच्या राज्याविषयी आहे. देवाची कृपा तासांवर मोजली जात नाही, हे तो आपल्याला शिकवतो. आणि तिसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नाक्यावर काय झाले असेल? मला वाटते, तो मालक दिसताच सगळे त्याच्याकडे धावले असतील. पहाटेचा तरुणही धावला असेल. कारण आता त्याला कळले होते की, आपण म्हातारे झालो, आजारी पडलो, आपल्याला कोणी निवडले नाही, तरी हा माणूस आपल्याला उपाशी पाठवणार नाही. अशा मालकासाठी माणसे मनापासून राबतात.

पहिल्या मजुरांची चूक एकच होती. दिवसभर एकाच मळ्यात काम करूनही, संध्याकाळी आलेली माणसे त्यांना आपली वाटली नाहीत.

माझी स्वतःची चूक

हे सांगताना मला माझी चूकही तुमच्यापुढे मांडली पाहिजे, नाहीतर हे प्रवचन खोटे ठरेल.

मी या धर्मग्रामात आलो त्या वर्षी आपल्या आश्रयदात्या संताचा सण मोठ्या थाटात झाला. शेवटच्या दिवशी मी आभार मानले. देणगीदारांची नावे घेतली, समितीची नावे घेतली, काहींना शाल-श्रीफळ दिले. पण नोव्हेनाचे नऊ दिवस पहाटे चार वाजता येऊन चर्च आणि हॉल झाडून-पुसून ठेवणाऱ्या भगिनींचा मी उल्लेखही केला नाही. ते माझ्या लक्षातच आले नाही.

पुढच्या वर्षी सफाईच्या सभेला त्यांतल्या तीनच भगिनी आल्या. मी काय केले? रविवारी सेवाभावावर प्रवचन दिले! लोकांचा उत्साह कमी होत चालला आहे, अशी खंत व्यक्त केली. त्या आठवड्यात एक काकी कार्यालयात आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, राग मानू नका. आम्हाला शाल नको होती. पण सफाईचे वेळापत्रक तुम्ही आणि समितीने ठरवले, आम्हाला विचारलेसुद्धा नाही. चर्चजवळच्या आळीवर सगळे दिवस टाकले. घरी म्हातारी माणसे आहेत, मुलांचे डबे आहेत. आणि वर तुम्ही आम्हालाच सेवाभाव शिकवता."

मला उत्तर सुचले नाही. मी समोर पाहत राहिलो. न्यायावर मी परीक्षा दिली होती, चांगले गुणही मिळवले होते. पण त्या काकींनी मला वाटणी, पद्धत आणि वागणे, तिन्हींमध्ये नापास केले, आणि ते योग्यच होते.

मग आम्ही सर्व आळींच्या भगिनींना बोलावले. मी फक्त ऐकायचे ठरवले. वेळापत्रक त्यांनीच केले. सर्व आळींना पाळ्या आल्या. भांडी धुण्याची पाळी पुरुषांनाही आली. पहिल्या दिवशी भांड्यांपेक्षा आवाजच जास्त झाला, पण काम झाले. माझी चूक मी वेदीवरून कबूल केली. सगळ्या भगिनी परत आल्या असे मी म्हणणार नाही. दोघी आजही येत नाहीत, आणि त्यांच्या घरी गेल्यावर मला ते जाणवते. अन्याय करायला एक मिनिट पुरते. गेलेला भरवसा परत यायला वर्षे लागतात.

आपल्या वाडीत, आपल्या गाळ्यात

बंधू-भगिनींनो, लोकलच्या गर्दीत संध्याकाळी घरी परतताना आपण साहेबाचा अन्याय आठवतो. तो खरा असेल. पण घरी आल्यावर आपणही कोणाचे तरी साहेब असतो. आपल्या वाडीत काम करायला येणाऱ्या आदिवासी भगिनींना आपण संध्याकाळी मजुरी देतो का, की "शनिवारी या" म्हणतो? पुरुषाला एक मजुरी आणि तेच काम करणाऱ्या बाईला त्याहून कमी, ही रीत आपल्याकडे अजून आहे. समान कामाला समान वेतन हे आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या कलमात आहे. त्यासाठी १९७६ साली कायदा झाला आणि आता ती तरतूद २०१९च्या वेतन संहितेत आली आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी संत याकोबाने बजावले आहे की, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते.

ज्यांचे गाळे आहेत, ज्यांचा केटरिंगचा, मंडपाचा, बांधकामाचा धंदा आहे, त्यांना मी हात जोडून विनंती करतो. पुतण्या कामाला आहे म्हणून त्याला एक नियम आणि बाहेरच्या मुलाला दुसरा नियम, असे करू नका. बोनस कसा ठरवला ते दिवाळीच्या किंवा नाताळच्या आधी सगळ्यांना बसवून सांगा. ज्याला कमी देणार आहात त्याला तुम्ही स्वतः सांगा, चिठ्ठीतून कळवू नका. आणि जे नोकरी करतात त्यांनाही सांगतो. शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याची कामगिरी आपल्या नावावर सांगणे हीसुद्धा मजुरीची चोरी आहे. अन्याय झाला असे वाटले तर चहाच्या टपरीवर नव्हे, ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी बोला. द्राक्षमळ्यातले मजूर निदान मालकाच्या तोंडावर बोलले!

या बाबतीत चर्चही सुटू नये. आपले कार्यालयातले लेखनिक, सफाई कामगार, दफनभूमीची निगा राखणारे बांधव आणि रात्रीचे राखणदार यांच्या पगाराचा तीन वर्षांत फेरविचार झालेला नाही, हे मला या प्रवचनाची तयारी करताना ध्यानात आले. त्यांनी तोंड उघडले नाही, म्हणून आम्हीही विषय काढला नाही. फायनान्स समितीच्या येत्या सभेत हा पहिला विषय असेल, आणि निर्णय घेण्याआधी त्या चौघांनाही सभेत बसवून विचारले जाईल. काय ठरले ते याच पत्रकात छापले जाईल. तुम्ही मला त्याबद्दल विचारा. तो तुमचा हक्क आहे.

थोड्या वेळाने आपण परमप्रसादासाठी रांगेत उभे राहू. त्या रांगेत गाळ्याचा मालक आणि त्याचा कामगार एकामागे एक उभे असतात. पहाटेपासून विश्वासात असलेली आजी असते आणि वीस वर्षांनी काल कुमसार करून आलेला भाऊही असतो. ख्रिस्तशरीर सर्वांना तेच मिळते, आणि तिथे कोणीही शेजाऱ्याच्या तळहाताकडे पाहून कुरकुर करत नाही. उद्या सोमवारी कामावर जाताना ती रांग आठवू या.

हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी राहिलास, घाम गाळलास. आम्ही ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांना न्यायबुद्धी दे. जे आमच्या हाताखाली काम करतात त्यांच्याशी वागताना आम्हालाही ती दे. ज्यांना आज नाक्यावर कोणी बोलावले नाही, त्यांना बोलावण्याचे मन आम्हाला दे. आमेन.

आपला सेवक,
प्रमुख धर्मगुरू